माफीचा खर्च कुठल्या खात्यात?

कासलबार, आयर्लंड
दसरा उलटला, दिवाळी तोंडावर

तीर्थरूप मोरेश्वरमामा,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी मोकळी जमीन माझ्या खोलीत नाही, तेव्हा पलंगावरच पालथा पडून घातला आहे, पोचला असं समजा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचं पथ्य चालू आहे, की फक्त डॉक्टरांसमोर चालू आहे? आणि पिशवीभर चिठ्ठ्या तुमच्या टेबलावर ओतून "बघा आता तुम्हीच" म्हणणारे इचलकरंजीचे ते यंत्रमागवाले यंदा तरी रिटर्न भरायला मुदतीत आले का?

हे पत्र मी श्रावणापासून टाळतो आहे. आधी म्हटलं नागपंचमीला लिहू. मग गणपतीत तुम्ही गडबडीत असता म्हणून थांबलो, पितृपक्षात असलं काही लिहू नये म्हणून थांबलो, आणि नवरात्रात कागद आणायला बाजारात गेलो तो हर्लिंग नावाच्या इथल्या खेळाची एक जुनी काठी घेऊन परत आलो. (मला तो खेळ येत नाही. काठी छान होती.) व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत काम झालं असतं, पण तुमचा फोन मामींच्या हातात असतो, आणि मामींनी वाचलं की ते आईने वाचलं. म्हणून कागद, आणि म्हणून पत्ता ऑफिसचा. कृपा करून घरी नेऊ नका.

विषय आयकराचा आहे, म्हणजे सभ्य आहे, असं धरून पुढे वाचा. प्रश्न एवढाच आहे की वकिलाला दिलेली फी धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येते का. तुम्ही म्हणाल, तिकडचा कायदा मला काय माहीत. मान्य. पण इथल्या अकाउंटंटला विचारायचं तर त्याची फी पडते, मग ती फी वजा मिळते का हे विचारायला दुसरा अकाउंटंट शोधावा लागेल, आणि माझ्या आयुष्यात फुकट सल्ला देणारे आणि ज्यांचा सल्ला खरा निघतो असे तुम्ही एकटेच आहात. आता तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचाराल, "वकील? कसला वकील?" तेच सांगायची लाज वाटते आहे, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजला आणि कॉलेजने मला सोडलं, ते तुम्हाला माहीत आहे. बाबांच्या गोव्यातल्या, पेडण्याच्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला (अभ्यास न करता मिळालेला हा माझा एकमेव दाखला), तेही माहीत आहे. लिस्बनला भांडी घासली. तिथे कुणी म्हणालं आयर्लंडमध्ये मश्रूम तोडायला माणसं हवीत, म्हणून इकडे आलो. मश्रूम अंधारात वाढतात आणि मला अंधारात झोप येते, त्यामुळे ते काम टिकलं नाही. तेव्हा तुम्हीच फोनवर म्हणालात, "आमच्या रविकांतची स्नेहलता पोर्टलीशला असते, तिच्याकडे जा, आणि माझं नाव घालवू नको." मामा, त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी तंतोतंत पाळला.

स्नेहलताताईकडे दोन दिवस म्हणून गेलो आणि संबंध हिवाळा राहिलो. ताई आधी औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होती. ती नोकरी सोडून तिने गॅरेजचं स्वयंपाकघर केलं, सगळ्या परवानग्या काढल्या, आणि आता तिळगुळापासून कडबोळ्यांपर्यंत सगळं करून इकडच्या भारतीय दुकानांना देते. तिचे यजमान चंद्रहासराव आठवड्याला साधारण चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन हवामानाची असतात. मुलगी निधी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ते इथल्या हेलातल्या इंग्रजीत, त्यामुळे आपण एखाद्या आयरिश हवालदाराशी बोलतोय असं वाटतं. त्या सबंध हिवाळ्यात ताईने मला "पुढे काय करणार" असं एकदाही विचारलं नाही. पानात वाढताना "अजून घे" मात्र रोज म्हणायची. (मामी दोन्ही करतात. तक्रार नाही, नोंद आहे.)

तर त्या हिवाळ्यात एकदा मी बसमध्ये झोपलो आणि भलत्याच गावात उतरलो. पाऊस असा, की खालून वर पडत होता. ताईला फोन केला तेव्हा तिच्या गॅसवर तिळगुळाचा पाक होता. तो चंद्रहासरावांवर सोपवून ती गाडी घेऊन मला आणायला आली. चंद्रहासराव इंजिनिअर माणूस, पाकाकडे ते बॉयलरकडे बघावं तसे लांबून बघत राहिले, आणि पाक पुढे गेला. ते लाडू, मामा, काय सांगू! ताईने ते दुकानात पाठवले नाहीत, घरीच ठेवले, आणि आम्ही ते महिनाभर मागच्या पायरीवर हातोडीने फोडून खाल्ले. "चहा झालाय, हातोडी आण" हे त्या घरातलं बोलणंच झालं. सगळ्यांत जास्त ताईच हसायची. एकदा तर हसता हसता पायरीवरच बसली आणि तिला उठवायला मी आणि निधी, दोघं लागलो.

नंतर मी इकडे कासलबारला आलो. सकाळी एका बेकरीची ब्रेडची गाडी चालवतो, आणि उरलेल्या वेळात माझा स्वतःचा धंदा आहे. मी उखाणे लिहून देतो. हसू नका. इथे औषधांच्या, चिपांच्या, हृदयात बसवायच्या नळ्यांच्या कारखान्यांतून आपल्या मुली मोठमोठी कामं करतात, पण हळदीकुंकवाला बायका घोळका करून "नाव घे, नाव घे" म्हणायला लागल्या की त्यांना घाम फुटतो. मी साधा, कौतुकाचा आणि खोचक असे तीन प्रकारचे देतो. खोचक सगळ्यांत महाग. लहानपणी तुमच्या ऑफिसात सुटीत बसायचो तेव्हा तुम्ही शिकवलं होतं, की पावती दिली नाही तर तो धंदा नव्हे, उपकार. म्हणून मी इथल्या कर खात्यात रीतसर नोंद केली आणि प्रत्येक उखाण्याची पावती देतो. तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून हे लिहिलं, पण पुढे वाचलंत की वाटणार नाही.

गेल्या संक्रांतीला पोर्टलीशच्या हॉलमध्ये मोठं हळदीकुंकू होतं. त्यासाठी चैत्राली नावाच्या एका मुलीने माझ्याकडे खोचक उखाणा मागितला. नवऱ्याचं नाव जयेश. "सगळ्या हसल्या पाहिजेत हं," एवढीच तिची अट होती. मी ब्रेडच्या गाडीत बसलो होतो, पुढे मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या (इथे मेंढ्यांना घाई नसते, आपल्याला असते), आणि मला सुचलं ते मी तिथल्या तिथे पाठवलं:

तिळगूळ घ्या नि गोड बोला, पण जपून जरा चावा,
पोर्टलीशच्या लाडवाला आधी हातोडा लावा;
दाढ पडली, कवळी पडली, दंतवैद्याची चंगळ,
जयेशरावांचं नाव घेते, संक्रांत होवो मंगल.

("चंगळ"ला "मंगल" जुळत नाही हे मला माहीत आहे. मेंढ्या संपल्या होत्या.)

मामा, तुमच्यापाशी खोटं बोलत नाही. लिहिताना मला ताई आठवलीच नाही. फक्त लाडू आठवला. लाडू आठवावा आणि तो वळणारा हात आठवू नये, याची जी लाज मला वाटते ती कुठल्याही रिटर्नमध्ये दाखवता येणार नाही. घरातल्या पायरीवरचा विनोद मी उचलला आणि बाहेर नेऊन विकला, तोही पावती फाडून.

चैत्रालीने उखाणा घेतला तेव्हा ताई पहिल्या रांगेत होती आणि ताटातले लाडू तिचेच होते. (मऊ होते म्हणे. त्या दिवशीचे लाडू अगदी मऊ होते.) सगळ्या हसल्या. चैत्रालीची अट पूर्ण झाली. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो वॉटरफोर्डपासून कासलबारपर्यंत सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरला, आणि रथसप्तमीच्या आत डब्लिनच्या एका दुकानदाराने ताईचे सगळे खोके परत पाठवले, गिऱ्हाइकं दातांबद्दल विचारतात म्हणून. ताई वकिलाकडे गेली ती खरं तर त्या दुकानदाराची तक्रार घेऊन. पण वकील व्हिडिओ बघून म्हणाला, दुकानदार राहू दे, हा कवी कोण ते शोधा. चैत्रालीला नोटीस गेली, आणि तिने तत्काळ माझी पावती पुढे केली. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: उखाणा एक, खोचक, विषय पोर्टलीश.

नोटीस आली तेव्हा मी सरळ गाडी काढून ताईकडे जायला हवं होतं. पाय धरले असते, तिने दोन तडाखे दिले असते, मग जेवायला वाढलं असतं. पण मी घाबरलो आणि वकील केला. मिस्टर टूमी. उंच, गुलाबी, कोटाला कुत्र्याचे केस. नोटीस वाचून म्हणाला, "ग्रँड." मला वाटलं सुटलो. (नंतर कळलं, इथे घराचं छप्पर उडालं तरी ग्रँडच म्हणतात.) त्याला उखाण्याचं भाषांतर हवं होतं, ते मी माझ्या इंग्रजीत करून दिलं. ते वाचून त्याने विचारलं,

"हा जयेश कोण? लाडू त्याचे का?"

"नाही. तो बाईचा नवरा."

"मग त्याचा यात काय संबंध?"

"काही नाही. त्याचं नाव घ्यायचं असतं."

"आणि नाही घेतलं तर?"

"दारातून आत सोडत नाहीत."

त्याने वहीत "जबरदस्ती?" असं लिहून त्याखाली रेघ मारली. मग मला बजावलं, की आता समोरच्या पक्षाशी परस्पर एक अक्षर बोलायचं नाही, जे काही ते आमच्यामार्फत. मी म्हटलं, समोरचा पक्ष म्हणजे ताई आहे हो, मला फक्त सॉरी म्हणायचंय. तो म्हणाला, जरूर, मसुदा करू. त्या मसुद्याला दोन बैठका लागल्या. शेवटी ताईला गेलं ते असं: "कोणतीही जबाबदारी मान्य न करता, आमच्या अशिलास झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो." मामा, ज्या बाईने माझ्या तापात उशाशी बसून मला पेज पाजली, तिला मी हे पाठवलं. उलट टपाली तिच्या वकिलाचं उत्तर आलं, की आमच्या अशिलास हा खेद अपुरा वाटतो. मला तर तो अपुरासुद्धा वाटला नव्हता, मला तो वाटलाच नव्हता. मला जे वाटत होतं ते मसुद्यात बसत नव्हतं.

गणपतीत पुन्हा त्याच हॉलमध्ये आरती होती. जावं की नाही, आणि गेलो तर प्रसाद कुणाच्या हातून घ्यायचा हा प्रश्न होता, कारण खिरापत दरवर्षी ताईच वाटते. मी टूमीला मेल केली, की प्रसाद घेणं हा संवाद धरला जातो का. उत्तर आलं: न बोलता घेतल्यास हरकत नाही. (त्या एका ओळीचंही बिल आलं.) तर मी न बोलता हात पुढे केला. ताईने भिंतीकडे बघत माझ्या हातावर खिरापत ठेवली. मामा, सगळ्यांना चिमूट देत होती. मला मूठभर दिली, पहिल्यासारखी. निधी शेजारीच उभी. ती मोठ्यांदा म्हणाली, "मॅम, आर वी नॉट टॉकिंग टू हिम?" (इथली मुलं आईला मॅम म्हणतात.) ताई म्हणाली, "आपले वकील बोलतायत." निधीने सगळ्या हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, "बट दे आर नॉट ईव्हन हिअर." मी खिरापत घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसलो. ती संपली तरी बराच वेळ बसलो होतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे कर. इथला नियम मी वाचला (पहिला परिच्छेद तरी वाचला), की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला असला पाहिजे. तुमचा मागवाल्यांना सांगायचा नियमही असाच काहीतरी होता ना? "जावयाच्या बुलेटचं पेट्रोल यात घालू नका," म्हणायचात. तर टूमीचं बिल घेऊन मी त्या नजरेने बघत बसलो. उखाण्याचं भाषांतर: धंद्याचं. नोटिशीला उत्तर: धंद्याचं. पण पहिल्या बैठकीत मी निम्मा वेळ ताईच्या घरच्या गोष्टी सांगत होतो, तो रुमाल पुढे करत होता आणि घड्याळ चालूच होतं. तो रुमालाचा भाग धंद्याचा कसा म्हणू? प्रसादाची मेल तर सरळसरळ धार्मिक खर्च झाला. आणि तो खेदाचा मसुदा! मामा, माफी मागायचा खर्च धंद्याचा असतो की घरचा? आणि तो मसुदा माफी मागायचा होता, की माफी न मागायचा? बिलात दोन्ही एकाच रकमेत घातलंय. माझ्या धंद्याचं आजवरचं सगळं उत्पन्न त्या रकमेहून कमी आहे, म्हणजे फी धरली तर तोटा दिसेल. कधीकधी वाटतं दिसू दे. निदान कर खात्याला तरी कळेल की माझा तोटा झालाय.

परवा चैत्राली भेटली. (तिच्याशी बोलायला दोन्ही वकिलांची हरकत नाही, हे एक कोडंच आहे.) तिने सांगितलं, की ताईने यंदा दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्याच नाहीत. गॅरेजला कुलूप आहे. चकल्यांची भाजणी दळायची ती गिरणीसुद्धा विकायला काढणार म्हणतात. ते ऐकल्यापासून मी हे पत्र रोज लिहितोय आणि रोज पहिल्या पानावरून उठतोय.

तुम्ही सवडीने उत्तर द्या. मामींना नमस्कार, पण कारण न सांगता. आईला सांगा की तनयचं पत्र आलं होतं, तब्येत चांगली आहे आणि तो करासंबंधी चौकशी करत होता. यातलं काहीच खोटं नाही.

तुमचं नाव घालवलेला भाचा,
तनय

ता. क. इथे रिटर्नची मुदत ऑक्टोबरअखेर संपते आणि इचलकरंजीला टपाल पोचायला जे दिवस लागतात ते बघता तुमचं उत्तर येईल तेव्हा प्रश्न शिळा झालेला असेल. हे मला लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं. रिटर्न मी गेल्या आठवड्यात भरूनही टाकलं. वकिलाची फी धरली नाही. त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि उचललं. बरोबर केलं की चूक ते सांगू नका.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. तुम्ही ताईला फोन करा. तुम्ही तिच्या वडिलांचे मित्र, तुम्ही माझे वकील नाही, तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. तिला सांगा, तनय गाढव आहे आणि सगळी जबाबदारी मान्य करून सांगतोय. पाक तिने माझ्यासाठी सोडला होता हे मी कधी विसरलो नव्हतो, फक्त त्या दिवशी गाडीत आठवलं नाही, आणि त्याला माझ्याकडे काही सबब नाही. तिला सांगा गिरणी विकू नको. तुमचं ती ऐकेल. माझं ऐकायची तिला वकिलाने बंदी केलीय. पत्र पोचेपर्यंत दिवाळी गेली असेल, तरी करा.

तिसरा ता. क. मामा, पाकीट चिकटवत होतो तर खालून घरमालकीण ओरडली, की तुझ्याकडे कुणी बाई आल्यात, भिजल्यात. मला वाटलं चैत्राली असेल. जिन्यावर स्नेहलताताई उभी होती! पोर्टलीशहून एकटी गाडी चालवत आलीय. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "सॉरी म्हणू नकोस, तुझी केस कच्ची होईल. मलाही तुझ्याशी बोलायला मनाई आहे, म्हणून मी बोलत नाहीये. चहा टाक." आता ओला कोट घालून माझ्या पलंगावर बसलीय, इथे दुसरं बसायला काही नाही. गिरणी विकायची नाही म्हणते, पण ती उचलून आत घ्यायला माणूस हवाय, उद्या सकाळी, आणि चंद्रहासरावांची पाठ धरलीय. मी चहा टाकेपर्यंत तिने हे पत्र पहिल्यापासून वाचून काढलं. फक्त मेंढ्यांपाशी हसली, आणि पेजेपाशी पान उलटायला जरा वेळ लावला. मग नाक पुसून म्हणाली, "मोरेश्वरकाकांना लिहितोच आहेस तर माझंही विचार. माझ्या वकिलाची फी बसते का?"

तर मामा, दोघांचंही उत्तर एकाच पाकिटात पाठवा. पोर्टलीशच्या पत्त्यावर.